पायांपाशी निळा

शेड मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात एकाही मुलाला शिकवलं नव्हतं. ओरडले मात्र पुष्कळांवर. कापडाच्या गिरणीत, रंगखात्यात, चौतीस वर्षं त्यांनी शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवण्याचं एकच काम केलं. गिऱ्हाइकाने पाठवलेला बोटभर तुकडा डाव्या हातात धरायचा, हौदातून निघालेल्या कापडाचा तुकडा उजव्या हातात धरायचा, उत्तरेच्या खिडकीशी जायचं आणि दोन्ही रंग एकच आहेत की नाहीत ते सांगायचं. एकच असले तर कोपऱ्यात पेन्सिलीने ‘ठीक’ लिहायचं. नसले तर रंगाऱ्याला असं काही ऐकवायचं की त्याचाच रंग बदलावा. चौतीस वर्षांत आपण एकही चुकीचा रंग पास केला नाही, असं ते सांगत. ऐकणाऱ्याजवळ उत्तरेची खिडकी नसल्यामुळे ते खरं मानण्यावाचून इलाज नसे.

अशा माणसाच्या घरात कुणाला सुखासुखी ‘निळा’ म्हणता येत नसे. ‘कुठला निळा?’ हा प्रश्न यायचाच. निळे बाजारात दोनशे असतात, असं मास्तरांचं म्हणणं होतं, आणि नुसतं निळा म्हणणं म्हणजे पत्त्यावर ‘माणूस, पृथ्वी’ लिहून पत्र टाकण्यासारखं आहे.

हा दाखला मुद्दाम बायकोसाठी असे, कारण तिची सगळी नोकरी टपालाच्या वर्गवारीत गेली होती. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत; पुढे नुसतंच बाई. बाईंच्या हातात पाकीट पडलं की पत्ता वाचून होण्याआधी ते योग्य खणात गेलेलं असे. एकशेवीस खण त्यांना डोळे मिटून पाठ होते. रंगांच्या बाबतीत मात्र त्या मोकळ्या मनाच्या होत्या. रंगाला त्या वस्तूंची नावं देत. भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाची उशी, गंजायला लागलेल्या खिळ्याच्या रंगाचा पडदा. मास्तर सांगत, पुठ्ठा हा रंग नाही, वस्तू आहे. एकदा कापडाच्या दुकानात बाईंनी थंडीने काकडलेल्या ओठांचा जांभळा मागितला. दुकानदाराने एक शब्द न विचारता ठाण काढून समोर टाकलं, आणि बाई म्हणाल्या, हाच. मास्तर दुकानदाराशी वर्षभर बोलले नाहीत.

पण रोज कोण वाद घालणार. हळूहळू बाईंनी रंगांची नावं घेणंच सोडलं. ‘ती खिशाची द्या’, ‘वरून तिसरी’, ‘डाव्या खणातली’. घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी टपालासारखी जागेवर बसवली आणि जागेवरून मागू लागल्या. मास्तरांना वाटलं, बायको सुधारली. हे समाधान त्यांनी तीन वर्षं उपभोगलं.

मग एकदा बाईंनी जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून नसलेल्या पायरीवर पाय ठेवला. मनगट वाचलं, चष्मा फुटला. नवा चष्मा करायला गेले तर चष्मेवाल्याने नंबर काढण्याऐवजी डॉक्टरांचा पत्ता काढून दिला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, आणि घाईत नव्हत्या. मास्तरांना त्याचीच भीती वाटली. डॉक्टरबाईंनी बाईंच्या डोळ्यांत बराच वेळ प्रकाश टाकून पाहिलं आणि विचारलं, रंग वेगळे दिसायला कधीपासून लागले? बाई म्हणाल्या, तीन वर्षं झाली असतील.

“मग तेव्हाच का आला नाहीत?”

बाई हसून म्हणाल्या, “माझे रंग तसेही चुकतातच हो. ह्यांना विचारा.”

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहिलं. चित्रातला डोळाही त्यांच्याकडेच बघत होता.

बाईंना थेंब घालून बाहेर बाकावर बसवलं तेव्हा डॉक्टरबाईंनी मास्तरांना एकट्याला सगळं सांगितलं. डोळ्याच्या मागचा पडदा सुकत चालला आहे. गेलेलं परत येणार नाही. आहे ते किती दिवस राहील, सहा महिने की वर्ष, हे कुणी सांगू शकत नाही. निळा आधी जाईल, बराचसा गेलाही असेल. पिवळा, सोनेरी, झगझगीत, हे जरा जास्त टिकतील. घरात पायऱ्यांना कडा दाखवा, पायाशी उजेड ठेवा. आणि त्यांना नीट समजावून सांगा. तुम्ही सांगता की मी सांगू? मास्तर म्हणाले, मी सांगतो. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मास्तर म्हणाले, थेंब चालू ठेवायला सांगितलेत, बघू म्हणाल्या.

याला आता तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत मास्तरांनी जिन्याच्या पायऱ्यांना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि ही हल्लीची फॅशन आहे असं सांगितलं. मास्तरांच्या तोंडून फॅशन हा शब्द पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळे तो पट्टीपेक्षा जास्त उठून दिसला. न्हाणीघराच्या दाराशी दिवा लावला. लेक दूरगावी असते. तिचा फोन आला की बोलायला म्हणून गच्चीवर जाऊ लागले. लेक रोज विचारी, बाबा, आईला सांगितलंत का? मास्तर रोज म्हणत, उद्या. आणि त्यांनी मनाशी एक नेम केला: आता हिचा कुठलाही रंग दुरुस्त करायचा नाही. ती म्हणेल तो रंग ठीक.

गाडीत पायांपाशी दिवे लावायची कल्पना मुळात बाईंचीच. नऊ वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा त्यांनी कुणाच्या तरी गाडीत तसे दिवे पाहिले होते. गाडीत बसलं की चपला काढून ठेवायची त्यांची सवय, आणि उतरताना अंधारात पायाने चपला चाचपायचा कार्यक्रम. त्या म्हणाल्या होत्या, तसे निळे दिवे लावू या ना, छान दिसतात. मास्तरांनी दोन गोष्टी विचारल्या होत्या: एक, पायांना काय बघायचंय? दोन, कुठला निळा? दोन्हींचं उत्तर न आल्याने प्रस्ताव बारगळला. आता नऊ वर्षांनी एका सकाळी मास्तर आपणहून म्हणाले, चल, तुझे ते दिवे लावून आणू. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, चला.

निघताना दाराशी बाईंनी चपला घातल्या. दोन जोड त्यांनी एकाच दुकानातून एकाच वेळी घेतले होते, एका घाटाचे. एक तपकिरी, एक लालसर मरून. बाईंच्या डाव्या पायात तपकिरी होती. उजव्या पायात मरून. मास्तरांनी पाहिलं. असल्या वेळी पूर्वी ते जे बोलले असते त्याची चार वाक्यं घशापर्यंत आली, रांगेत उभी राहिली आणि परत गेली. नेम म्हणजे नेम. मास्तरांनी गाडीचं दार उघडून धरलं, हेही ते पूर्वी कधी करत नसत.

दुकान गाड्यांच्या सजावटीचं होतं. पुढे काचेचं, मागे दोन गाड्या मावतील अशी पत्र्याची शेड. मालक बोलका गृहस्थ होता, आणि वाक्यागणिक काका-काकू करत होता. त्याने चौसष्ट रंग आहेत म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, चौसष्ट नावं असतील. मालकाला हा विनोद वाटला. तो मनापासून हसला आणि त्याने आणखी माहिती पुरवली: गाण्याच्या तालावर नाचणारे दिवे, दार उघडलं की हळूच उजळणारे दिवे, ‘रोमँटिक मूड’ आणि ‘पार्टी मूड’. बाईंनी विचारलं, भांडणाचा मूड आहे का? मालक म्हणाला, लाल लावा काकू. बाई म्हणाल्या, तो आमच्याकडे बिनदिव्याचा चालतो.

गाडी शेडमध्ये घेतली. दिवे उजेडात दिसत नाहीत म्हणून मालकाने शटर निम्म्याच्या खाली ओढलं. आत अंधारल्यासारखं झालं. फिटर पन्नाशीचा, अबोल माणूस होता. त्याने पुढच्या-मागच्या जागेत, जिथे पाय ठेवतात तिथे वरच्या बाजूला, चार पट्ट्या तात्पुरत्या चिकटवल्या, वायरी बाहेर काढल्या आणि बॉनेट उघडून त्यामागे नाहीसा झाला. त्याने बाईंना चपला काढून बाहेर ठेवायला सांगितल्या होत्या. त्या दोन चपला शेडच्या फरशीवर शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि मास्तर शक्यतो तिकडे बघत नव्हते. बाई आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या. मास्तर स्टिअरिंगशी. मालक खिडकीतून वाकून, हातात रिमोट.

पहिल्या फेरीला मालकाने चौसष्टांतले पाच मुख्य रंग, प्रत्येकाचं कौतुक करत, एकच बटण पुन्हा पुन्हा दाबून दाखवले. हा लाल. हा हिरवा. हा निळा, सगळे हाच नेतात. हा पांढरा. हा सोनेरी. मास्तरांनी मनातल्या मनात प्रत्येकाचं नाव दुरुस्त केलं आणि तोंड मिटून ठेवलं. सोनेरी लागला तेव्हा बाईंची अनवाणी पावलं नीट दिसली. टाचा फुटलेल्या, करंगळीला जुना घट्टा. मास्तरांच्या मनात आलं, हिची पावलं आपण शेवटची कधी पाहिली होती?

दुसऱ्या फेरीला बाई म्हणाल्या, तुम्ही बोलू नका, मी सांगते. मालकाने गप्प राहून बटण दाबलं. टिक.

“लाल,” बाई म्हणाल्या.

टिक. हिरवा. टिक. निळा. टिक, पांढरा. टिक, हा तो सोनेरी.

पाचांपैकी पाच. मास्तर बाईंकडे वळले. दिसतंय हिला. निळासुद्धा दिसतोय. डॉक्टरबाई तरुण आहेत, त्यांनी किती डोळे पाहिले असणार? एवढं मोठं यंत्र, पण यंत्र चुकतं. गिरणीत नव्हतं का आणलं साहेबांनी रंग मोजायचं यंत्र, आणि पहिल्याच दिवशी त्याने शेवाळी आणि करडा एकच म्हणून सांगितले होते. मास्तरांना घाम आला. खिडकीची काच खाली करायला त्यांनी हात नेला तर काच खालीच होती. लेकीला काय आणि कसं सांगायचं ते वाक्यही त्यांनी जुळवून टाकलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं. उद्याच.

इतक्यात पुढच्या दुकानात कुणीतरी आलं म्हणून मालक रिमोट मास्तरांच्या हातात देऊन गेला. सावकाश ठरवा म्हणाला. मास्तरांना सावकाश ठरवायचं नव्हतं. त्यांना पुन्हा एकदा ऐकायचं होतं. चांगली बातमी माणूस दुसऱ्यांदा वाचतो तसं.

“पुन्हा सांग बघू,” ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं. टिक.

दिवा लागला नाही. बॉनेटमागे फिटरने कुठलीतरी वायर काढली असावी. खाली पायांपाशी अंधार होता, शेडमधल्यासारखाच, साधा करडा अंधार. आता ते म्हणणारच होते, थांब, लागला नाही.

“लाल,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या, अगदी लक्ष देऊन, मान जराशी तिरपी करून. दुकानात कापड बघताना बघत तशा. मास्तरांचा अंगठा आपोआप दाबला गेला. टिक.

“हिरवा.”

टिक.

“आणि हा निळा. छान आहे हो. हाच घ्या.”

एकशेवीस खण पाठ असलेल्या बाईला पाच रंगांचा क्रम पाठ व्हायला एक फेरी पुरे होती. आवाज ऐकायचा आणि पाकीट खणात टाकायचं. मास्तरांना आता सगळं कळलं. दुसरी फेरीही कळली. गेली तीन वर्षंही कळली: खिशाची, वरून तिसरी, डाव्या खणातली.

हातातला रिमोट त्यांनी उजव्या मांडीवरून डाव्या मांडीवर ठेवला. आणि चौतीस वर्षं नोकरी आणि त्यावर अकरा वर्षं पेन्शन झाल्यावर त्यांनी आयुष्यातला पहिला चुकीचा रंग पास केला.

“हो,” ते म्हणाले. “निळाच आहे.”

बॉनेटमागून फिटर पुटपुटला, झालं. वायर जोडली गेली. चारही पट्ट्या एकदम पेटल्या, लालभडक. बंद पडून चालू झाल्या की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. गाडीच्या आत, गुडघ्यांपर्यंत लाल उजेड भरला.

बाईंची मान सरळ झाली.

“हा आत्ता लागला,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मांडीवरचा रिमोट उलटा केला.

“म्हणजे मघाशी लागलेलाच नव्हता. मला वाटलं, मलाच दिसत नाही.”

मास्तरांच्या तोंडातून नुसता ‘अं’ निघाला, आणि तोही नीट नाही.

“तुम्ही म्हणालात निळाच आहे.”

“म्हणालो खरा.”

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिथे त्यांचा सराव होता. त्या हळू आवाजात, एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तशा म्हणाल्या, “एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी मोरपंखी म्हटलं की तुम्ही हिरवट निळा म्हणायचात. पाहुण्यांसमोर म्हणायचात. माझ्या आईसमोर म्हणायचात. आणि आज समोर दिवासुद्धा नाही, मी निळा म्हणते, आणि तुम्ही हो म्हणता. इतकं वाईट आहे का?”

शटरखालून बाहेरचा उजेड फरशीवर लांबट पसरला होता. त्यात कुणाचे तरी बूट आले, थांबले, निघून गेले. मास्तर त्या बुटांकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं. पडदा सुकतोय. परत येणार नाही. सहा महिने किंवा वर्ष, कदाचित जास्त. तीन आठवडे लपवून ठेवलेलं सगळं पाऊण मिनिटात संपलं. एवढीशीच गोष्ट होती, हे बघून त्यांनाच नवल वाटलं. बाई उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्यावर ठेवून बसल्या. लाल उजेडात ते दोन अंगठे कुणातरी लहान मुलीचे वाटत होते.

“मला वाटायचं, माझंच चुकतं,” त्या म्हणाल्या. “खिडकीचा पडदा करडा दिसायचा, मी म्हणायची, असेल करडा. विचारलं की तुम्ही म्हणणार, कुठला करडा. म्हणून विचारलं नाही.”

मास्तर बाईंच्या हातावर हात ठेवायला गेले तर मध्ये रिमोट आला आणि दिवे हिरवे झाले.

“हिरवा,” बाई म्हणाल्या. “हा मी ओळखला नाही. टिक ऐकू आलं.” मग म्हणाल्या, “अजून काय काय लपवलंयत?”

मास्तरांनी विचार केला. पिवळ्या पट्ट्या. गच्चीवरचे फोन. हे सगळं त्यांनी कबूल केलं. पट्ट्यांचं मला माहीत होतं, बाई म्हणाल्या, फॅशन म्हणालात तेव्हाच. आणखी?

“तुझ्या चपला,” मास्तर म्हणाले. “एक तपकिरी आहे. एक मरून.”

“कधीपासून?”

“घरातून निघाल्यापासून.”

बाईंनी खिडकीतून खाली, फरशीवर उभ्या असलेल्या आपल्या चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. मग त्यांचे खांदे हलू लागले. मास्तरांना वाटलं, रडते आहे. मग वाटलं, हसते आहे. नीट बघितल्यावरही त्यांना दोन्हींतलं नक्की ठरवता येईना, आणि या वेळी त्यांनी ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

“नातेवाइकांकडे गेलो असतो तर?” डोळे पुसत बाई म्हणाल्या. “तर तिथेही बोलला नसतात?”

“नसतो बोललो.”

“असलं नका करू हो,” बाई म्हणाल्या. “तुम्ही टोकत होतात तोवर मला वाटायचं, अजून आपल्याला दिसतंय, फक्त नाव चुकतंय. तुम्ही टोकायचं थांबलात तेव्हा मी घाबरले. तीन आठवडे रोज वाट बघतेय, आज तरी टोकाल. जिन्याच्या पट्ट्यांनी नव्हते घाबरले. तुम्ही दार उघडून धरलंत ना सकाळी, तेव्हा तर खात्रीच झाली.”

मालक परत आला, खिडकीत वाकला आणि दोघांचे चेहरे बघून सरळ झाला. गाडीच्या पलीकडे जाऊन फिटरशी वायरीबद्दल बोलू लागला. बोलका माणूस होता, पण अडाणी नव्हता.

आता रंग ठरवायचा होता. मास्तरांनी तोही मुद्दा सांगून टाकला, कारण आता काही लपवून ठेवायला जागाच उरली नव्हती. सोनेरी घेऊ. डॉक्टर म्हणाल्या, तो जास्त टिकेल. निळा सगळ्यांत आधी जाणार.

“मग निळाच लावा,” बाई म्हणाल्या.

“अगं, जाणार म्हणतोय तर—”

“ऐकलं मी. आधी जाणार आहे, तर आधी तोच बघून घेते. सोनेरी नंतर बघता येईल. बटण तर आहेच.”

यात काही चूक काढता येईना. मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला.

“आणि गेला की मला सांगा,” बाई म्हणाल्या.

“तुझा गेलेला मला कसा कळणार?”

“मी निळा म्हणेन आणि तो नसेल. तेव्हा पकडा. मघासारखं सोडून देऊ नका.”

फिटरने तासाभरात पट्ट्या पक्क्या बसवल्या, वायरी आतल्या आत दडवल्या. जाताना त्याने बाईंच्या चपला उचलून दाराशी आणून ठेवल्या, ठेवताना क्षणभर थांबला, दोन्हींकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, माहीत आहे आम्हांला. फिटरने मान डोलावली. बाईंनी डाव्या पायात तपकिरी घातली, उजव्यात मरून, आणि पदरात पडलं ते हक्काचं असल्यासारख्या ताठ बसल्या.

बाहेर ऊन रणरणत होतं. मास्तरांनी दिवे चालूच ठेवले होते. पहिला चौक मागे गेला. मग बाईंनी विचारलं, लागलाय का?

“लागलाय. पण उन्हात दिसत नाही.”

“तुम्हांला दिसतो?”

“मलाही नाही.”

बाईंनी मान हलवली. त्यांना त्याचं बरं वाटल्यासारखं दिसलं.

पुढे रस्ता रुळांखालून जात होता. रुंद पूल, खाली काळोखा बोगदा, फार तर दहा गाड्यांच्या लांबीचा. गाडी सावलीत शिरली आणि पायांपाशी निळा उगवला. तपकिरी चप्पल त्यात काळी दिसू लागली आणि मरूनही काळीच दिसू लागली. दोन्ही एक झाल्या. मास्तरांनी गाडी हळू केली. मागच्या गाडीने भोंगा दिला, मास्तरांनी तो ऐकला नाही.

“कसा आहे?” बाईंनी विचारलं. “नीट सांगा.”

मास्तरांच्या जिभेवर नंबर आला. दोनशे निळ्यांमधला एकच, त्याचं नाव, त्याच्या शेजारच्या दोघांची नावं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि आयुष्यात कधी केली नव्हती ती कसरत करून पाहिली.

“टपालाच्या शिक्क्याची शाई असते ना,” ते म्हणाले. “तिच्यावर पाणी सांडलं की पसरते. तसा.”

बाईंनी विचार केला.

“शिक्क्याची शाई काळी असते,” त्या म्हणाल्या. “पाणी पडलं की जांभळी होते. निळी होताना मी तरी कधी पाहिली नाही. एकतीस वर्षं पुसत होते बोटं.”

मास्तरांनी ते कबूल केलं. तेवढ्यात पूल संपला, ऊन आत आलं आणि निळा गेला. मागचा गाडीवाला बाजूने पुढे जाताना हात उडवून काहीतरी म्हणाला. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

“परत घ्या,” बाई म्हणाल्या. “मला नीट बघता आलं नाही. तुम्ही बोलत होतात.”

वळण बरंच पुढे होतं. ते येईपर्यंत मास्तर समोर बघत राहिले, बाई खाली. वळून, सिग्नलला थांबून, पुन्हा वळून गाडी पुलाशी आली. मास्तरांनी आरसा पाहिला, मागे कुणी नव्हतं. सावली बॉनेटवर चढली, मग काचेवर, मग त्यांच्या हातांवर. या वेळी ते काही बोलले नाहीत.

बाई वाकल्या. दोन्ही पाय त्यांनी जवळ घेतले.

“आहे,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खाली बघून खात्री केली. होता.